बाही वर करणारा कॅप्टन

डिसेंबरात धानाची मळणी उरकली की आमच्या एकोडीत बांध्या मोकळ्या होतात आणि टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. ट्रॅक्टरने जमीन दाबायची, चुन्याने बाउंड्री आखायची, डीजेवाल्याकडून माइक आणायचा, झालं स्टेडियम! मागच्या सीझनला अशाच एका मॅचमध्ये लाँग ऑनला पळणारा एक पोरगा मध्येच कोसळला. रात्रभर जागरण आणि सकाळपासून पोटात फक्त चहा, एवढंच कारण होतं, पण ते नंतर कळलं. त्या क्षणी पन्नासेक जण त्याच्याभोवती जमले आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात मोबाइल होते. खोटं कशाला बोलू, एक माझाही होता. त्याला गाडीत घालून साकोलीला नेईपर्यंत ग्रुपवर ‘हार्ट अटॅक’ आला होता, आणि तो सलाइन लावून उठून बसला तोवर दोघांनी श्रद्धांजलीचे हात जोडून टाकले होते.

खेळाडू मैदानावर अचानक कोसळल्यावर बघणारे काय करतात, यावर या पानासाठी काहीतरी लिही, असं मला सांगितलं गेलं. शोधता शोधता मी जाऊन पोहोचले बार्बाडोसला. तिथे मला फ्रँक वॉरेल भेटला. त्याला जाऊन ५० वर्षांहून जास्त काळ लोटलाय, तरी मी त्याला अरे-तुरेच करणार. आवडत्या खेळाडूला आपण अहो-जाहो कुठे करतो?

वॉरेलचा जन्म १ ऑगस्ट १९२४ चा. बार्बाडोस हे कॅरिबियन भागातलं चिमुकलं बेट, तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातलं. त्याच बेटावर, वॉरेलच्या घरापासून फार लांब नाही अशा घरांत, पुढच्या दीड वर्षात आणखी दोन मुलं जन्मली. एव्हर्टन वीक्स आणि क्लाइड वॉलकॉट. पुढे हे तिघं ‘थ्री डब्ल्यूज’ म्हणून गाजले. तिघांच्या आयांची सुईणही एकच होती म्हणतात. क्रिकेटच्या इतिहासात त्या बाईचा पुतळा हवा होता, असं आपलं मला वाटतं.

पोरगा विशीच्या आतच चमकला. १९४३-४४ च्या मोसमात त्रिनिदादविरुद्ध त्याने नाबाद ३०८ केल्या आणि जॉन गोडार्डबरोबर ५०२ धावांची अखंड भागीदारी रचली. दोन वर्षांनी वॉलकॉटबरोबर ५७४ ची, तीही अखंड! बॅटिंग बघावी तर मऊ आणि सहज. ताकदीपेक्षा मनगटाचं काम जास्त. आपला नंबर येईपर्यंत हा ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपायचा. मग उठायचा, बॅट उचलायचा आणि जाऊन धावा करायचा.

पण बार्बाडोसमध्ये त्याचं फारसं जमलं नाही. लहान बेट, लहान मनं, कोणाचा रंग किती काळा यावरून ठरणारी उठबस. त्यात हा स्पष्ट बोलणारा, म्हणून गर्विष्ठ ठरला. १९४७ मध्ये तो जमैकाला निघून गेला. १९४८ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला आणि ९७ वर आउट झाला. (तीन धावा! आमच्याकडे असा आउट होणारा पुढची आठ दिवस चौकात दिसत नाही.) त्याच वर्षी वेस्ट इंडिजचा संघ पहिल्यांदा भारतात येणार होता. वॉरेलने आपल्या खेळाचे नीट पैसे मागितले, बोर्डाने नाही म्हटलं आणि वॉरेल आलाच नाही. तो इंग्लंडमध्ये रॅडक्लिफ या गावच्या क्लबकडून लीग क्रिकेट खेळू लागला आणि पुढे मँचेस्टर विद्यापीठात शिकलाही. खेळायचं आणि डिग्रीही घ्यायची हे त्या काळातसुद्धा सोपं नव्हतं, तेही कृष्णवर्णीय माणसाला.

भारताशी त्याची गाठ पडली ती कॉमनवेल्थ संघामुळे. १९४९ ते १९५४ या काळात हा संघ तीनदा आपल्याकडे आला आणि तिन्ही वेळा त्यात वॉरेल होता. कानपूरला तर त्याने नाबाद २२३ ठोकल्या. इथल्या खेळाडूंची आणि त्याची ओळख झाली ती अशी. पुढे जे घडलं त्यात या ओळखीचाही वाटा असणार.

दरम्यान १९५० मध्ये नॉटिंगहॅमला २६१ करून त्याने इंग्लंडच्या बोलर्सची पार दमछाक केली आणि वेस्ट इंडिजने ती मालिका ३-१ ने जिंकली. खेळाडू म्हणून त्याच्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. प्रश्न होता कॅप्टनशिपचा. वेस्ट इंडिजचा कर्णधार गोराच हवा, असा अलिखित नियम. काळ्यांनी धावा करायच्या, विकेट घ्यायच्या, टॉसला मात्र गोरा जाणार. जॉर्ज हेडली या काळ्या खेळाडूला १९४८ मध्ये एका कसोटीपुरतं कॅप्टन केलं होतं, बस तेवढंच. शेवटी त्रिनिदादच्या ‘द नेशन’ या वृत्तपत्राचे संपादक सी. एल. आर. जेम्स यांनी वॉरेलसाठी पेपरात मोहीमच उघडली. माध्यमांनी मनावर घेतलं तर काय होतं, याचं हे उदाहरण आमच्या मास कॉमच्या वर्गात शिकवायला हवं. १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी वॉरेल कॅप्टन झाला. अख्ख्या मालिकेसाठी नेमलेला वेस्ट इंडिजचा पहिला काळा कर्णधार.

पहिलीच कसोटी, ब्रिस्बेन, डिसेंबर १९६०. शेवटची ओव्हर आठ चेंडूंची. ऑस्ट्रेलियाला हव्या सहा धावा, हातात तीन विकेट. बॉल वेस हॉलकडे, आणि तो सगळ्यात जास्त घाबरलेला. वॉरेल मात्र शांत होता. बाउन्सर टाकू नकोस, असं त्याने बजावलं, हॉलने तोच टाकला आणि त्यावर बेनॉ आउट झाला. तरी वॉरेल नाराजच! शेवटी जो सॉलोमनच्या थ्रोवर मेकिफ रनआउट झाला आणि कसोटी क्रिकेटच्या इतिहासातली पहिली टाय झाली. ती मालिका वेस्ट इंडिज १-२ ने हरला. पण निरोपाला मेलबर्नच्या रस्त्यांवर लाखो लोक उभे होते. हरलेल्या पाहुण्या संघासाठी! दोन्ही देशांमधल्या मालिकेच्या चषकाला तेव्हापासून वॉरेलचं नाव आहे.

आता येऊ १७ मार्च १९६२ वर.

नरी कॉन्ट्रॅक्टर यांचा भारतीय संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. डावखुरे सलामीवीर, मुंबईत राहणारे, अंगाने शिडशिडीत पण चिवट. १९५९ मध्ये लॉर्ड्सला बरगडी मोडलेली असताना ८१ धावा काढणारे. नुकतंच त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला पहिल्यांदाच मालिकेत हरवलं होतं. इथे मात्र पहिल्या दोन कसोटी हातच्या गेल्या होत्या. तिसरी कसोटी ब्रिजटाऊनला, त्याआधी बार्बाडोसशी सामना. तिथे चार्ली ग्रिफिथ नावाचा फास्ट बोलर आहे, त्याला जपा, विकेट गेली तर जाऊ द्या पण अंगावर घेऊ नका, असा इशारा वॉरेलने भारतीय खेळाडूंना आधीच दिला होता. प्रतिस्पर्धी संघाचा कॅप्टन हे सांगतोय, हे लक्षात घ्या.

हेल्मेट नावाची गोष्ट तेव्हा नव्हतीच. कॉन्ट्रॅक्टर आणि दिलीप सरदेसाई सलामीला उतरले. ग्रिफिथ धावत आला, नेमकी तेव्हाच पॅव्हेलियनमध्ये कोणीतरी खिडकी उघडली आणि क्षणभर लक्ष गेलं, असं कॉन्ट्रॅक्टर यांनी पुढे सांगितलंय. बॉल थेट डोक्यावर, उजव्या कानाच्या वर. ते आधार घेत पॅव्हेलियनपर्यंत चालत गेले. थोड्याच वेळात नाका-कानातून रक्त येऊ लागलं. हॉस्पिटलमध्ये कळलं, कवटी फुटलीय आणि आत रक्तस्राव होऊन मेंदूवर दाब येतोय. मेंदूचा सर्जन बेटावर नव्हताच, तो त्रिनिदादहून विमानाने यायचा होता. तोवर थांबलं असतं तर पेशंट गेला असता. म्हणून तिथल्याच सर्जनने पहिलं ऑपरेशन केलं. दुसरं विशेषज्ञ आल्यावर झालं.

आणि रक्त हवं होतं.

इथे वॉरेल पुढे आला. पहिल्यांदा बाही वर करणाऱ्यांत तो होता. ज्या संघाला पाचही कसोटींत हरवायचं (आणि पुढे त्याने खरंच ५-० हरवलं), त्याच संघाच्या कॅप्टनला त्याने आपलं रक्त दिलं. त्याच्याबरोबर पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकला जन्मलेले बापू नाडकर्णी आणि सोलापूरला जन्मलेले पॉली उमरीगर यांनी दिलं. उमरीगर यांनी तर पुढे चौथ्या कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ केल्या, वर एका डावात पाच विकेटही घेतल्या. कशाचं बनलेले होते हे लोक, बाप्पा!

पण मी अडकले ती रक्त देणाऱ्यांच्या यादीतल्या पाचव्या नावाशी. के. एन. प्रभू. टाइम्स ऑफ इंडियाचे क्रिकेट पत्रकार, दौऱ्याचं वार्तांकन करायला गेलेले. त्यांच्या करिअरमधली सगळ्यात मोठी बातमी हॉस्पिटलच्या खाटेवर पडली होती, त्या माणसाने आधी रक्त दिलं. मला वर्गात शिकवलंय की पत्रकाराने घटनेचा भाग व्हायचं नसतं. परीक्षेत मी तेच लिहीन. पण एकोडीच्या बांधीत माझ्याकडे चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता आणि त्या पोराला पाणी पाजायला दुसरंच कोणीतरी धावलं होतं. मी तो व्हिडिओ नंतर डिलीट केला. ग्रुपवर मात्र अजून फिरतोय.

बार्बाडोसची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तासांनी मागे. टीव्ही नाही, थेट चित्र नाही. बातमी तारेने यायची, रेडिओवर दोन वाक्यं, मग दुसऱ्या दिवशीचा पेपर. कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होते. ते सहा दिवस इथल्या लोकांनी कसे काढले असतील? मधल्या तासांत काहीच कळत नव्हतं, आणि खोटंही फारसं पसरत नव्हतं. संताप मात्र तेव्हाही होताच. सगळा राग ग्रिफिथवर निघाला. त्याच सामन्यात अंपायरने त्याचा एक चेंडू फेकी म्हणून नो बॉल दिला, मग तर बोलायलाच नको. ज्यांच्या डोक्याला लागलं त्या कॉन्ट्रॅक्टर यांनी मात्र त्याला कधी दोष दिला नाही.

आता उलटं आहे. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला, त्याचं हृदय बंद पडलं, तेव्हा कॅमेरे जगभर ते दाखवत राहिले. त्याच्याच टीममेट्सनी पाठी बाहेरच्या बाजूला करून त्याच्याभोवती रिंगण केलं, म्हणजे निदान छातीवर दाब देतानाचं तरी कोणाला दिसू नये. बीबीसीने नंतर प्रेक्षकांची माफी मागितली. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत डमार हॅमलिन हा फुटबॉलपटू असाच पडला. एकीकडे लोकांनी त्याच्या मुलांसाठीच्या मदतनिधीत लाखो डॉलर ओतले, दुसरीकडे तो शुद्धीवर यायच्या आधीच लशीमुळे झालं म्हणून अफवा उठल्या. दोन्ही करणारे लोकच. वॉरेलला हे बघायला मिळालं असतं तर त्याने काय केलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. बहुतेक रिंगणात उभा राहिला असता.

कॉन्ट्रॅक्टर वाचले. त्यांच्या जागी २१ वर्षांचे मन्सूर अली खान पतौडी कॅप्टन झाले, म्हणजे आत्ताच्या माझ्याहून लहान. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा फर्स्ट क्लास सामने खेळले, कसोटी मात्र कधीच नाही. त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ मध्ये, म्हणजे साठेक वर्षांनी, मुंबईत काढली.

वॉरेल १९६३ चा इंग्लंड दौरा जिंकून निवृत्त झाला. ५१ कसोटी, ३८६० धावा, ९ शतकं, ६९ विकेट. १९६४ मध्ये ‘सर’ झाला. जमैकाच्या संसदेत सिनेटर होता, वेस्ट इंडिज विद्यापीठात हॉस्टेलचा वॉर्डन होता. हे शेवटचं मला फार आवडलं. हॉस्टेलच्या पोरांना कोणता वॉर्डन मिळाला होता बघा!

१९६६-६७ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला तेव्हा वॉरेलही सोबत आला होता. इथेच त्याचं दुखणं कळलं. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. जमैकाला परत गेल्यावर महिन्याभरात, १३ मार्च १९६७ ला तो गेला. वय ४२. कॉन्ट्रॅक्टर यांना रक्त दिलं त्याला पाच वर्षं व्हायला चार दिवस कमी होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्यासाठी स्मृतिसभा झाली. असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू.

बार्बाडोसच्या पाच डॉलरच्या नोटेवर आज त्याचं चित्र आहे. ज्या बेटाने त्याला गर्विष्ठ म्हटलं, त्याच बेटाच्या. आणि कोलकात्यात क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल १९८१ पासून दरवर्षी ३ फेब्रुवारीला ‘फ्रँक वॉरेल डे’ पाळते. त्या दिवशी तिथे भाषणं होत असतीलच, पण मुख्य कार्यक्रम म्हणजे रक्तदान शिबिर. सकाळपासून लोक बाह्या वर करून रांगेत उभे असतात.