विश्लेषण : एटीव्हीच्या स्पीडोमीटरशी निकोला टेस्लाचे नाते काय?

एटीव्हीवर बाहेरून आणलेला स्पीडोमीटर बसवणे हे तासाभराचे काम. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. काटा चालतो, आकडा दिसतो. पण तो आकडा खरा आहे का? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच प्रश्नात एक अनपेक्षित माणूस गुंतला होता, निकोला टेस्ला. एसी विजेसाठी जग ज्याला ओळखते, तोच. आणि तेव्हा त्याच्या खिशात दमडी नव्हती.

टेस्ला या वळणावर कसा आला?

10 जुलै 1856 रोजी आजच्या क्रोएशियातील स्मिलियान गावात त्याचा जन्म झाला. वडील धर्मगुरू. आई शाळेत गेलेली नव्हती, पण घरकामाची अवजारे स्वतः घडवायची. ग्राट्झमधले इंजिनीअरिंगचे शिक्षण टेस्लाने अर्धवट सोडले. 1884 मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला, काही महिने एडिसनकडे राबला आणि बाहेर पडला. 1888 मध्ये एसी मोटरची पेटंटे मिळाली, वेस्टिंगहाऊस कंपनीने ती घेतली. पुढे नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली. कंपनी अडचणीत आल्यावर टेस्लाने रॉयल्टीवर पाणी सोडले. हा निर्णय त्याला किती महागात पडला, हे पुढे दिसतेच.

बिनतारी संदेशासाठी वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारायला जे. पी. मॉर्गनने 1,50,000 डॉलर दिले, नंतर हात आखडता घेतला. मनोरा अर्धवट राहिला आणि हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी ती जागाही गेली. मार्च 1916 मध्ये 935 डॉलरचा कर थकल्यामुळे टेस्लाला न्यूयॉर्कच्या न्यायालयात आपल्याकडे पैसे नसल्याचे सांगावे लागले. त्याच वर्षी 19 डिसेंबरला त्याला एक पेटंट मिळाले. विषय होता वेगदर्शक, म्हणजेच स्पीडोमीटर.

त्याचा मीटर चालायचा कसा?

त्या काळात मोटारीवरचा स्पीडोमीटर ही बहुतेकदा वेगळी विकत घ्यायची वस्तू होती, आज एटीव्हीवर असतो तशीच. काही मीटरमध्ये फिरणारी वजने बाहेर फेकली जात. तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून डायलवरचे आकडे कुठे दाटीवाटीने तर कुठे लांब लांब पडत. ऑटो शुल्झे याच्या 1902 च्या पद्धतीत चुंबक फिरे आणि धातूच्या वाटीला ओढून काटा हलवी. मात्र चुंबक कमजोर झाला की आकडा चुके.

टेस्लाने चुंबकच काढून टाकला. एकात एक बसणाऱ्या, पण एकमेकींना न टेकणाऱ्या दोन वाट्या घेतल्या. एक वाटी चाकाकडून आलेल्या केबलने फिरते. दोघींमधल्या पातळ फटीतली हवा दुसरीला सोबत ओढू पाहते, घड्याळासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. हवेची ही ओढ वेगाच्या सरळ प्रमाणात असते, त्यामुळे वेग दुप्पट झाला की काटाही दुप्पट सरकतो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात श्यानतेची व्याख्या पाठ करून लिहिणाऱ्यांपैकी मी एक. ती डॅशबोर्डवर काटा हलवू शकते, हे कुणी वर्गात सांगितले नव्हते. घड्याळे बनवणाऱ्या वॉल्थम कंपनीने हे मीटर तयार केले आणि ते महागड्या मोटारींवर बसले.

मग आकडा चुकतो कुठे?

चाकापाशी. तेव्हाचा मीटर असो वा आजचा डिजिटल, त्याला रस्ता दिसत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो. म्हणून त्या काळी टायरच्या मापानुसार चाकाजवळचे गिअर निवडावे लागत. आज गिअरऐवजी मीटरच्या सेटिंगमध्ये चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये भरायचा.

चुंबक पुढच्या चाकाच्या डिस्कच्या बोल्टवर बसवतात आणि सेन्सर त्याच्यासमोर, किटच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर. एटीव्ही फक्त मागच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढचेच चाक निवडावे, कारण चिखलात मागची चाके जागेवर फिरतात आणि मीटर फुकटचा वेग दाखवतो. वायर सायलेन्सरपासून आणि स्पार्क प्लगच्या वायरपासून दूर ठेवावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही ना, हेही पाहावे.

आता घेर. 25 इंची टायरचा व्यास 635 मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण 1995. बहुतेक जण हाच आकडा भरून मोकळे होतात आणि इथेच फसतात. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फारच कमी असते, साधारण 5 पीएसआयच्या आसपास. माणूस बसला की टायर दबतो आणि एका फेऱ्यात कमी अंतर कापतो. त्यासाठी टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, चालक बसलेला असताना गाडी एक पूर्ण फेरा ढकला आणि टेपने मोजा. दुसरा मार्ग जीपीएसचा. मोकळ्या सरळ जागी एकाच वेगाने चालवताना मीटर 42 आणि फोन 40 दाखवत असेल, तर 1995 ला 40 ने गुणून 42 ने भागा. येतात 1900. हा आकडा भरा. टायर बदलला किंवा हवेचा दाब बराच बदलला, तर पुन्हा मोजणे आले.

टेस्लाचे पुढे काय झाले?

1917 मध्ये त्याला एडिसनच्या नावाचे पदक मिळाले आणि त्याच वर्षी वॉर्डनक्लिफचा मनोरा पाडला गेला. त्यानंतरची वर्षे एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात, कबुतरांना दाणे घालत गेली. 7 जानेवारी 1943 रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या 3327 क्रमांकाच्या खोलीत, वयाच्या 86 व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. 1960 मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले. त्याने मीटरमधून काढून टाकलेला चुंबक आता एटीव्हीच्या चाकावर परतला आहे, आणि समोरचा हॉल सेन्सर किती चुंबकीय क्षेत्राला चालू होतो, हे मिलिटेस्लामध्ये मोजले जाते.