मेरी वेब्स्टर आणि जुन्या गोधड्या

घरातील लुगडी, धोतरे आणि अंगरखे विरले म्हणजे त्यांचे तुकडे एकावर एक मांडून, त्यांवर धावदोऱ्याचे बारीक टाके घालून आपल्याकडील स्त्रिया गोधडी शिवतात. अमेरिकेत जाऊन वसलेल्या युरोपीय कुटुंबांतील स्त्रियांनाही ही कला चांगली अवगत होती. त्यांच्या गोधडीला तीन थर असत: वर रंगीबेरंगी नक्षीचे कापड, मध्ये कापूस किंवा लोकर आणि खाली साधे अस्तर. हे तिन्ही थर मोठ्या लाकडी चौकटीवर ताणून बसवीत आणि शेजारपाजारच्या बायका चौकटीभोवती जमून टाक्यांनी ते एकत्र सांधीत. कित्येक महिन्यांच्या श्रमानंतर एखादी गोधडी पुरी होई. ती लेकीच्या लग्नात दिली जाई, नातवंडांच्या अंगावर येई आणि झिजत झिजत एक दिवस फाटून जाई. जिने ती शिवली तिचे नाव क्वचितच कोठे लिहिलेले असे.

ह्या निनावी स्त्रियांच्या हातच्या जुन्या गोधड्या आदराने पाहून, त्यांतून स्वतःचे नवे काम उभे करणाऱ्या मेरी वेब्स्टर यांचा जन्म १८५९ साली इंडियाना राज्यातील वॉबाश या गावी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव डॉहर्टी. त्या काळच्या इतर मुलींप्रमाणे मेरी आपल्या आईपाशी शिवणकाम शिकली. १८८४ साली तिचा विवाह जॉर्ज वेब्स्टर यांच्याशी झाला. ते बँकेच्या व्यवसायात होते. विवाहानंतर ती त्याच राज्यातील मॅरियन या गावी राहावयास गेली. पुढील पंचवीस वर्षे संसारात गेली. पुत्राचे संगोपन, आल्यागेल्याचा पाहुणचार आणि बागेची निगा यांपलीकडे चरित्रकाराने टिपून ठेवावे असे ह्या काळात फारसे काही घडलेले दिसत नाही. परंतु फुलझाडांच्या सहवासातील ही वर्षे वाया गेली नाहीत, हे पुढे त्यांच्या कामावरून दिसून आले.

त्या काळी अमेरिकेत गोधडीची कला उतरणीला लागली होती. गिरण्यांत विणलेली ब्लँकेटे स्वस्तात मिळू लागली होती, त्यामुळे सुती गोधड्या पेटाऱ्यांत आणि माळ्यांवर जाऊन पडल्या. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत काही काळ रेशमाच्या आणि मखमलीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांची गोधडी मिरवली. पण तिचे काळपट रंग आणि तिच्यावरील भरतकामाची गर्दी डोळ्यांना शीण देणारी असे. ती अंगावर घेण्यासाठी नव्हतीच. शतकाच्या आरंभी वारे पुन्हा फिरले. लोकांना आजोबा-पणजोबांच्या काळची घरे, खुर्च्या आणि पलंग आवडू लागले. वेब्स्टर दांपत्यानेही त्याच जुन्या धाटणीचे नवे घर बांधले होते. अशा घरातील पलंगाला शोभेल अशी गोधडी मेरीबाईंना हवी होती. परंतु मनासारखा नमुना काही मिळेना. तेव्हा, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी स्वतःच गोधडी रचण्याचे ठरविले.

आरंभ त्यांनी जुन्यापासूनच केला. 'रोज ऑफ शॅरन' म्हणजे शॅरनचा गुलाब ह्या नावाचा एक पुरातन नमुना अमेरिकेत घरोघर प्रसिद्ध होता. पांढऱ्या कापडावर तांबड्या कापडाचा गुलाब आणि हिरव्या कापडाची पाने कापून शिवावयाची, अशी त्याची रीत होती. तो गुलाब खऱ्या गुलाबासारखा दिसत नसे. गोल वाटीसारखे फूल, सरळ काठीसारखे देठ आणि दोन्हीकडे अगदी सारखी पाने, असा तो ठरीव आकार असे. मेरीबाईंनी तो नमुना समोर ठेवला, परंतु त्याची नक्कल केली नाही. जुन्या कामातून काय घ्यावे आणि काय सोडावे, ह्याचा त्यांनी केलेला विवेक फार पाहण्यासारखा आहे. पांढरी भूमी त्यांनी घेतली, कारण मोकळ्या पांढऱ्या जागेतच टाक्यांची बारीक नक्षी उठून दिसते. कापडावर कापड शिवण्याची पद्धतही घेतली. फुलाची वळणे तिच्यानेच साधतात. मात्र भडक तांबडा आणि हिरवा हे रंग त्यांनी सोडून दिले. त्यांच्या जागी एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा आल्या. त्यामुळे पाकळीवर पाकळी चढलेली दिसू लागली आणि फुलाला उठाव आला. फुलाचा ठरीव आकार सोडून बागेत उमललेल्या फुलाचा आकार त्यांनी घेतला.

जुन्या गोधड्यांपासून त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट उचलली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गोधडी बहुधा एकसारख्या चौकोनांची केलेली असे. एकच आकृती वीस-तीस वेळा शिवून ते चौकोन ओळीने जोडीत. परंतु त्याहीपूर्वीच्या गोधड्यांत मधोमध एक मुख्य चित्र आणि त्याभोवती एकामागून एक किनारी, अशी रचना असे. ही मांडणी जवळजवळ विस्मरणात गेली होती. मेरीबाईंनी आपल्या पुष्कळ गोधड्यांत ती पुन्हा आणली. त्यामुळे त्यांची गोधडी पलंगावर पसरली म्हणजे चौकटीत बसविलेल्या एकाच मोठ्या चित्रासारखी दिसते. आजीच्या जुन्या मांडणीतून हे नवेपण आले होते, हे बघणाऱ्याच्या लवकर ध्यानातही येत नसे.

मैत्रिणींच्या आग्रहावरून त्यांनी आपले काम 'लेडीज होम जर्नल' ह्या मासिकाकडे पाठविले. ह्या मासिकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपत. १९११ च्या जानेवारीच्या अंकात त्यांच्या चार गोधड्यांची रंगीत चित्रे प्रसिद्ध झाली. त्यांत वाऱ्याने वाकलेल्या ट्यूलिपच्या फुलांची एक गोधडी होती. ते फूल बाजूला कललेले पाहूनच वारा कोणत्या दिशेने वाहत आहे हे कळते. जुन्या ठरीव फुलांत असा वारा कधी शिरला नव्हता. पुढील वर्षी खसखस, सूर्यफूल, डॉगवूड इत्यादी फुलांच्या आणि लहान मुलांसाठी केलेल्या गोधड्या छापून आल्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून नमुन्यांची मागणी करणारी पत्रे मॅरियनच्या टपालकचेरीत येऊ लागली. मेरीबाईंनी घरच्या घरी नमुन्यांचे संच तयार केले. प्रत्येक संचात पूर्ण आकाराचे खाके, शिवण्याच्या सूचना, कापडाचे लहान तुकडे आणि कोणते फूल कोठे बसवावे हे दाखविणारा पातळ कागदाचा आराखडा असे. किंमत पन्नास सेंट. हा पातळ कागद म्हणजे एक नामी युक्ती होती. जिला चित्रकलेचा गंधही नाही अशी खेड्यातील स्त्रीदेखील तो कापडावर ठेवून प्रत्येक पाकळी नेमकी जागी लावू शके.

नमुन्यांमुळे मेरीबाईंना कीर्ती मिळाली, हे खरे. तथापि त्यांचे अधिक मोलाचे काम दुसरेच आहे. १९१५ साली गोधड्यांचा इतिहास आणि त्या शिवण्याची रीत सांगणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. केवळ गोधडी ह्या एकाच विषयाला वाहिलेला अमेरिकेतील हा पहिला ग्रंथ होय. राजांच्या लढायांवर आणि कवींच्या काव्यांवर ग्रंथ लिहिण्याची जगाला सवय होती. अंथरुणा-पांघरुणाला इतिहास असतो, ही कल्पनाच तेव्हा कित्येकांना नवी वाटली असेल. ग्रंथाचा आरंभ प्राचीन मिसर देशापासून होतो आणि मध्ययुगीन युरोप, जुने इंग्लंड असा प्रवास करीत तो अमेरिकेत येतो. आरंभीची ही प्रकरणे इतरांच्या लेखनावर आधारलेली आहेत आणि त्यांतील काही विधाने पुढील संशोधकांनी दुरुस्तही केली आहेत. ग्रंथाचा खरा प्राण जुन्या अमेरिकन गोधड्यांच्या वर्णनांत आणि चित्रांत आहे. आरंभीच्या चित्राचा मान त्यांनी स्वतःच्या गोधडीला दिला नाही. तेथे इंडियानातील एक जुनी पुष्पमालेची गोधडी आहे. ती १८५८ साली, म्हणजे मेरीबाईंच्या जन्माच्या आदल्या वर्षी, शिवलेली आहे.

ह्या ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण गोधड्यांच्या नावांवर आहे, आणि ते अतिशय रंजक आहे. 'अस्वलाचा पंजा', 'लाकडी ओंडक्यांची झोपडी', 'कॅन्सासची खडकाळ वाट', 'दारुड्याची वाट', अशा अर्थांची नावे त्या स्त्रियांनी आपल्या नक्ष्यांना दिली होती. रानात ज्यांचे घर होते त्यांना चार कोपऱ्यांवर दात असलेल्या आकृतीत अस्वलाचा पंजा दिसला. तीच आकृती पाणथळ प्रदेशातील बायकांना चिखलात उमटलेल्या बदकाच्या पायासारखी वाटली. क्वेकर पंथाच्या शांतताप्रिय लोकांनी तिला मैत्रीचा हात म्हटले. ह्या स्त्रियांनी रोजनिशा लिहिल्या नाहीत, पण त्यांनी काय पाहिले, त्या कोठून कोठे गेल्या आणि त्यांना कशाचे भय वाटले, हे ह्या नावांत शिल्लक राहिले होते. नाव माहीत असलेली म्हातारी गेली की तिच्याबरोबर नावही जाई. मेरीबाईंनी अशी शेकडो नावे एकत्र केली नसती, तर त्यांतील कित्येक आज कोणास ठाऊकही नसती.

१९२१ साली त्यांनी आपल्या दोन मैत्रिणींसह राहत्या घरातूनच एक लहानशी व्यापारी संस्था चालू केली. येथून नमुने जात. कापलेल्या कापडांचे संच जात. ज्यांना शिवण्यास सवड नसे त्यांच्यासाठी पुऱ्या केलेल्या गोधड्याही जात. १९३० च्या सुमारास अमेरिकेत मोठी मंदी आली, तेव्हा काटकसरीमुळे घरोघर गोधड्या शिवल्या जाऊ लागल्या. त्या वेळी फिकट रंगांच्या, फुलांच्या ज्या गोधड्या देशभर दिसू लागल्या, त्यांच्यावर मेरीबाईंच्या हाताचा ठसा स्पष्ट आहे. मात्र त्यांचे नमुने इतके पसरले की कित्येकांनी ते त्यांचे नाव न सांगताच उचलले. ज्या निनावी स्त्रियांसाठी त्यांनी लेखणी हाती घेतली होती, त्यांच्याच रांगेत काही काळ त्या स्वतःही जाऊन बसल्या!

वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, १९४२ साली, त्यांनी व्यवसाय बंद केला आणि त्या न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन येथे पुत्राकडे राहावयास गेल्या. १९५६ साली, सत्त्याण्णव वर्षांचे दीर्घायुष्य भोगून त्यांनी देह ठेवला.

त्यानंतर मॅरियन येथील त्यांच्या घराची हेळसांड झाली. छप्पर गळू लागले, भिंती खचल्या आणि घर पाडून टाकण्याची वेळ आली. दरम्यान त्यांच्या ग्रंथाकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले होते. १९९० साली त्यांच्या नातीने ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. गोधडीच्या कलेसाठी झटणाऱ्यांचा गौरव करणाऱ्या एका संस्थेकडे ते घर सोपविण्यात आले, १९९३ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला आणि दुरुस्ती पुरी होऊन २००४ साली ते सर्वांसाठी खुले झाले. मेरीबाईंच्या गोधड्यांना आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. त्यांतील काही इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. आज नवी गोधडी रचू पाहणाऱ्या स्त्रिया जुना नमुना म्हणून त्यांच्याच वाऱ्याने वाकलेल्या ट्यूलिपचा खाका समोर घेतात, आणि त्यातील कोणती पाकळी ठेवावी व कोणती बदलावी ह्याचा विचार करीत बसतात.