गागोद्याचे आजोबा आणि विन्या

आचार्य विनोबा भावे यांच्या चरित्रात त्यांच्या मातोश्री रखुमाई यांना मोठे स्थान लाभले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र विनोबांच्या अहिंसेचा उगम शोधू जाता एका वृद्ध पुरुषाकडेही पाहावे लागते. त्यांचे नाव शंभूराव भावे. ते विनोबांचे आजोबा. चरित्रकार त्यांना चार ओळींत आटोपतात, हे काहीसे अन्यायाचे वाटते.

11 सप्टेंबर 1895 रोजी पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात विनायकाचा जन्म झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजेच आजचा रायगड. सभोवती सह्याद्रीचे डोंगर, रान आणि भातखाचरे. ज्यांनी महाड-पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांतील जुनी गावे पाहिली आहेत, त्यांना गागोद्याचे चित्र वेगळे सांगावयास नको. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास असत. नव्या विज्ञानाकडे ओढा असलेले, रंगशास्त्राचे जाणकार असे ते गृहस्थ. त्यामुळे विन्याच्या आयुष्याची पहिली नऊ-दहा वर्षे आई आणि आजोबा यांच्या छायेत गेली.

वरकरणी पाहता या दोघांचे जमावे असे काही नव्हते. आजोबा कर्मठ, व्रतस्थ, दिवसाचा मोठा भाग देवपूजेत घालविणारे. नातू प्रकृतीने नाजूक, पण बुद्धीने चिकित्सक, प्रत्येक गोष्टीचे कारण विचारणारा. पुढे याच नातवाने कर्मकांडापासून दूर राहून आयुष्य काढले. तरीही बालपणीचा विषय निघाला की आजोबांची पूजा त्यांच्या आठवणींत हटकून येत असे.

शंभूराव चांद्रायण व्रत करीत. शुद्ध प्रतिपदेस एक घास, मग रोज एकेक वाढवीत पौर्णिमेस पंधरा, पुढे त्याच क्रमाने उतरत अमावास्येस पूर्ण उपवास. ऊणोदरी तपाचा परिचय असलेल्या जैन वाचकांस या व्रताचे मर्म सहज कळेल. चंद्रोदयानंतर पूजा करूनच आजोबा ते मोजके घास घेत. कृष्ण पक्षात चंद्र उशिरा उगवतो; घर निजलेले असे. अशा अपरात्री लहान विन्याला झोपेतून उठविले जाई आणि आजोबा आपल्या हाताने त्याला प्रसाद देत. ज्याच्या वाट्याला मुळातच मोजून घास आहेत, त्याने नातवाची आठवण ठेवावी, ही गोष्ट त्या बालमनावर कोरली गेली. गणेशचतुर्थीला घरीच मूर्ती घडविली जाई, मुले चंदन उगाळीत, आणि इतक्या मायेने पूजिलेली मूर्ती ठरल्या दिवशी पाण्यात सोडून दिली जाई. निर्मिती आणि त्याग यांचा पहिला धडा विन्याने तेथे घेतला.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रसंग विंचवाचा. एके दिवशी आजोबा पूजेस बसले असता देवाच्या मूर्तीवर विंचू चढून बसलेला दिसला. घरात आरडाओरडा झाला. तो मारावा असेच कोणालाही वाटणार. आजोबांनी मात्र सर्वांना थांबविले. तो देवाला शरण आला आहे, त्याला कोणी स्पर्श करू नये, असे त्यांनी बजावले आणि फुले, गंध, नैवेद्य यांसह पूजा यथासांग पूर्ण केली. काही वेळाने विंचू आपल्या वाटेने निघून गेला. विन्या हे सारे जवळून पाहत होता.

या प्रसंगाचे मोल शहरी वाचकास कदाचित कळणार नाही. महाड-पोलादपूरच्या माणसास ते कळेल. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने किती घरांतील मुले गेली, हे येथील जुन्या पिढीने पाहिले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि पुढे महाड परिसरातच त्यांनी या दंशावर प्राझोसिन औषधाचा उपयोग सिद्ध केला. त्यामुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आले. शंभूरावांच्या काळी असे काहीच हाताशी नव्हते. शेजारी लहान मूल उभे असताना विंचवास अभय देणे ही शोभेची दया नव्हती. त्यात खरी जोखीम होती.

1905 च्या सुमारास कुटुंब बडोद्यास गेले आणि हा सहवास सुटला. 1916 साली विनोबांनी घर सोडले आणि त्याच वर्षी ते महात्मा गांधींकडे पोहोचले. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा प्रारंभ झाला. पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ ते पायी हिंडले. 1960 च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात ज्या डाकूंच्या नावाने माणसे थरथर कापत, त्यांच्या मुलखात ते निःशस्त्र गेले आणि काही डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. देवघरात विंचवाकडे शांतपणे पाहणारा वृद्ध ज्याने लहानपणी पाहिला, त्याला हे धैर्य अगदीच परके वाटले नसावे.

जैन समाजावर विनोबांचे एक वेगळे ऋण आहे. सर्व पंथांना मान्य होईल असा एक सारग्रंथ जैनांनी सिद्ध करावा, असा आग्रह त्यांनी धरला. जिनेंद्र वर्णी यांनी संकलनाचे कष्ट घेतले. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, 1974 च्या नोव्हेंबरात दिल्ली येथे दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांतील मुनी व विद्वान एकत्र बसले आणि 756 गाथांचा समणसुत्तं हा ग्रंथ सर्वमान्य झाला.

1982 च्या नोव्हेंबरात पवनार आश्रमात हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला. अनेकांच्या विनंतीनेही तो निश्चय ढळला नाही. 15 नोव्हेंबर रोजी वयाच्या 87 व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. तो दिवाळीच्या अमावास्येचा, भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस होता. आजोबांच्या चांद्रायणातही अमावास्येला एकही घास नसे.