पीसीचे शिल्पकार डॉन एस्ट्रिज

जुने सुटे भाग जमवून आटोपशीर डेस्कटॉप पेटीत ऐंशीच्या दशकातील 'पीसी' पुन्हा उभा करण्याचा छंद अनेक देशांत जोपासला जातो. निरनिराळ्या कंपन्यांचे भाग आजही एकमेकांशी जुळतात, याचे मोठे श्रेय फिलिप डोनाल्ड एस्ट्रिज यांना जाते.

फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे १९३७ मध्ये जन्मलेले एस्ट्रिज विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९५९ मध्ये आयबीएममध्ये दाखल झाले. १९८० मध्ये बोका रॅटन येथे व्यक्तिगत संगणक घडविण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. मुदत होती जेमतेम वर्षाची. सारे काही स्वतःच बनविण्याची कंपनीची परंपरा बाजूला ठेवून त्यांनी इंटेलचा ८०८८ प्रोसेसर आणि मायक्रोसॉफ्टची डॉस प्रणाली स्वीकारली. इतरांनाही जोडकार्डे बनविता यावीत म्हणून यंत्राची अंतर्गत रचना प्रसिद्ध केली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी पाच स्लॉटचा हा संगणक बाजारात आला. १६ किलोबाइट स्मृतीच्या मूळ यंत्राची किंमत होती १,५६५ डॉलर.

यश अफाट होते. पण याच खुलेपणामुळे कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी सुसंगत संगणक आणले आणि आयबीएमची पकड सैल होत गेली. १९८५ च्या प्रारंभी एस्ट्रिज यांची या विभागातून बदली झाली. त्याच वर्षी २ ऑगस्टला डॅलस येथील विमान अपघातात पत्नीसह त्यांचा अंत झाला. वय होते अवघे ४८. आयबीएमने २००५ मध्ये पीसीचा व्यवसाय लेनोव्होला विकला. एस्ट्रिज यांनी खुली केलेली रचना मात्र कोणा एका कंपनीची उरली नव्हती.