रुग्णशय्येवरील दोन ग्रंथ

ज्युबिलीच्या वर्षीं देवळाच्या भिंतींना नवा रंग मिळतो, घंटा घांसूनपुसून उजळल्या जातात, आणि ज्यांनीं हें देऊळ उभारिलें त्यांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात. हें योग्यच आहे. परंतु ज्या पुस्तकांनीं आपल्या आजोबा-पणजोबांच्या श्रद्धेस आकार दिला, तीं बहुधा माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन झालेलीं असतात. त्यांचे आभार मानण्याचें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. म्हणून, प्रिय वाचकहो, ज्यांचें उभें आयुष्य दोन पुस्तकांनीं फिरविलें अशा एका संताचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. ते संत म्हणजे येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला.

स्पेन देशाच्या उत्तरेस बास्क प्रांतांत लोयोला नांवाच्या गढींत इ. स. १४९१ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. घराणें सरदारी, पाळण्यांतलें नांव इनिगो. तरुणपणीं त्यांना नाद होता तो तलवारीचा, उंची पोशाखाचा आणि वीरांच्या अद्भुत कथांचा. आमादीस नामक शूराची कादंबरी त्या काळीं स्पेनमध्यें अतिशय लोकप्रिय होती, व आमच्या ह्या तरुण सरदाराचें डोकें अशाच कथांनीं भरलेलें होतें.

ता. २० मे १५२१ रोजीं पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच फौजेचा मारा चालू असतां तोफेचा एक गोळा त्यांच्या दोन्ही पायांमधून गेला. उजव्या पायाचें हाड मोडलें व डाव्यासही इजा झाली. शत्रूनें उदारपणानें उपचार करून त्यांना डोलींतून घरीं पोहोंचविलें. हाड वांकडें बसलें होतें, म्हणून तें पुन्हां मोडून बसविण्यांत आलें. भूल देण्याचें औषध त्या काळीं नव्हतें. मुठी आवळण्यापलीकडे इनिगोंनीं कांहीं केलें नाहीं. संत पेत्र व पौल यांच्या सणाच्या आदल्या रात्रीं वैद्यांनीं आशा सोडिली होती. परंतु मध्यरात्रीपासून प्रकृतीस उतार पडूं लागला. पुढें गुडघ्याखालीं हाडाचा एक उंचवटा राहिला. त्यावर तंग बूट शोभणार नाहीं, एवढ्याच कारणास्तव त्यांनीं तो कापून काढविला. देहाच्या शोभेची ज्यांना इतकी हौस, ते पुढें गोणपाटाचा झगा घालून भिक्षा मागत फिरतील, असें त्या शस्त्रवैद्याच्या स्वप्नांतही आलें नसेल.

आतां खाटेवर पडून राहण्याखेरीज काम उरलें नाहीं. वेळ जावा म्हणून इनिगोंनीं वीरकथांचीं पुस्तकें मागितलीं. सबंध गढींत तसलें एकही पुस्तक सांपडलें नाहीं! जीं मिळालीं तीं दोनच: एक प्रभु ख्रिस्ताचें चरित्र, दुसरें संतांचीं चरित्रें, दोन्ही देशभाषेंत. तीं थोरल्या भावाची पत्नी मागदालेना हिच्या संग्रहांतील असावींत असें मानितात. ख्रिस्तचरित्राचा कर्ता लुडॉल्फ हा १४ व्या शतकांतील जर्मन मठवासी. कार्थुसियन संन्याशांच्या मौनांत बसून त्यानें तो विस्तृत ग्रंथ लॅटिनमध्यें रचिला आणि १३७८ सालीं देह ठेविला. आंब्रोझियो मोंतेसिनो या फ्रान्सिस्कन साधूनें त्याचें स्पॅनिश भाषांतर केलें. दुसऱ्या पुस्तकाचा मूळ कर्ता जेनोव्हाचा आर्चबिशप याकोबुस. ह्या तिघांपैकीं एकालाही आपल्या श्रमाचें फळ कोणत्या खाटेवर पिकणार आहे याची कल्पना नव्हती. भाषांतरकाराचें ऋण तर आपण सर्वांत लवकर विसरतों. लॅटिनमधील ग्रंथ त्या सरदाराच्या उशाशीं ठेविला असता तर तो तसाच मिटलेला राहिला असता, कारण त्यांना त्या वेळीं लॅटिन येतच नव्हतें.

प्रथम निरुपायानें, मग गोडीनें वाचन चाललें. मधून मधून पुस्तक मिटून ते विचारांत गढून जात. कधीं एका थोर कुळांतील स्त्रीची मर्जी संपादण्याचे बेत तीन-चार तास चालत. कधीं संत फ्रान्सिस व संत डॉमिनिक यांनीं जें केलें तें आपणही कां करूं नये, असें मनांत येई. दोन्ही विचार चालू असतांना गोडच वाटत. पण पहिला ओसरल्यावर मन कोरडें व असंतुष्ट राही, आणि दुसरा ओसरल्यावरही आनंद टिकून राही. हा भेद ज्या दिवशीं त्यांच्या लक्षांत आला, तो दिवस त्यांच्या जीवनांतील खऱ्या आरंभाचा होय. आत्म्यांची पारख करण्याचे जे नियम त्यांनीं पुढें घालून दिले, त्यांचें बीज ह्या निरीक्षणांत आहे.

कृतज्ञ वाचक काय करितो? इनिगोंनीं लेखणी उचलिली. उत्तम कागद आंखून घेऊन त्यांनीं दोन्ही ग्रंथांतील सारभाग वळणदार अक्षरांत उतरवून काढण्यास आरंभ केला; प्रभु ख्रिस्ताचीं वचनें तांबड्या शाईनें व पवित्र मातेचीं निळ्या शाईनें. अशीं सुमारें ३०० पानें झालीं. १५२२ च्या आरंभीं ते घरांतून निघाले. मोन्सेरातच्या देवळांत तलवार वाहून मान्रेसा गांवीं गेले, तेव्हांही ही वही त्यांनीं जिवापाड जपून बरोबर नेली होती.

मान्रेसा येथें त्यांना तिसरें पुस्तक भेटलें, तें म्हणजे ख्रिस्ताच्या अनुकरणावरील प्रसिद्ध लहान ग्रंथ. तेव्हां तो जेर्सोनचा समजत. आतां टॉमस ए केम्पिसचा मानितात. पुढें जन्मभर ते त्यांतील एक अध्याय क्रमानें रोज वाचीत, व इतर वेळीं सहज उघडेल तें पान पाहत. शिकारीच्या पक्ष्यांत जो मान तित्तिराचा, तोच भक्तिग्रंथांत ह्या पुस्तकाचा, असें ते म्हणत. तेथेंच त्यांच्या स्वतःच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाची घडण सुरू झाली. शुभवर्तमानांतील प्रसंग डोळ्यांपुढें उभा करून आपण तेथें हजर आहों असें समजून चिंतन करावें, ही त्यांतील रीत बऱ्याच अंशीं लुडॉल्फचीच देणगी आहे. १५४८ सालीं पोप तिसरे पौल यांनीं त्या पुस्तकास मान्यता दिली.

वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, १५२४ सालीं, बार्सिलोना येथें ते लहान मुलांच्या बरोबरीनें लॅटिन शिकूं लागले. क्रियापदें घोकूं लागतांच मनांत भक्तीच्या लहरी येत व पाठ राहून जाई. ही लहर नसून भुरळ आहे हें ओळखून त्यांनीं गुरुजींना नियमित अभ्यासाचें वचन दिलें. पॅरिसच्या विद्यापीठांत पीटर फाबर व फ्रान्सिस झेवियर हे सोबती मिळाले, १५४० सालीं येशूसंघास मान्यता मिळाली, ता. ३१ जुलै १५५६ रोजीं रोम येथें त्यांनीं देह ठेविला.

त्याच १५५६ सालीं येशूसंघीयांबरोबर गोव्यास छापखाना आला. पुढें १५७९ त त्याच संघाचे इंग्रज फादर स्टीफन्स गोव्यास आले. साष्टींतील नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें बंद करण्यांत आलीं होतीं. ही हकीकत अभिमानानें सांगण्याजोगी नव्हे. त्यांनीं फादरांकडे वाचावयास दुसरें पुराण मागितलें. फादरांनीं जवळजवळ अकरा हजार ओंव्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ त्यांच्या हातीं दिलें. तें १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापिलें गेलें, आणि पिढ्यान्‌पिढ्या देवळांत व घरांत वाचिलें गेलें.

इग्नेशियसची ती ३०० पानांची वही काळाच्या ओघांत नाहींशी झाली. लोयोलाच्या गढींतील वरच्या मजल्यावरची ती खोली मात्र अजून आहे. तिचें आतां प्रार्थनामंदिर झालें असून, तेथील पुतळ्यांत इनिगो हातांतील उघड्या पुस्तकावरून नुकतीच नजर वर उचलीत आहेत.