फाळक्यांचा वाटाणा आणि आमच्या अंगणातला टाइमलॅप्स

दिवाळीला जोडून यंदा महिनाभर घरून काम करायची परवानगी मिळाली आणि मी पुण्याहून लॅपटॉप, चार्जरचं जंजाळ आणि एक जुना फोन घेऊन पिपरी मेघेला पोचले. आमचं घर वर्धा शहराला अगदी लागूनच. बाबा रिटायर झाल्यापासून घरामागची जागा त्यांच्या ताब्यात आहे. कढीपत्ता, जास्वंद, लिंबू, शेवगा, कोपऱ्यात सांबार (पुणेकरांनो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). शिवाय शेरू नावाचा काळा कुत्रा आणि मनी नावाची मांजर. घरी आले की पहिले दोन दिवस मी फक्त यांचेच फोटो काढते.

माझ्या गॅलरीत आमच्या शेवग्याचे शंभरेक फोटो असतील, पण सगळे दिवाळीचे नाहीतर होळीचे. मधल्या महिन्यांत त्याला फुलं आली, शेंगा लागल्या, बाबांनी फांद्या छाटल्या, त्यातलं काहीच माझ्याकडे नाही. शेरूचंही तेच. एका फोटोत पिल्लू आणि पुढच्यात एकदम दांडगा. मी फक्त आधीचं आणि नंतरचं बघते, वाढ आईबाबा बघतात.

म्हणून ठरवलं की या महिन्यात एका रोपाचा टाइमलॅप्स करायचा. टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक अंतराने एकेक फोटो घ्यायचा आणि ते सगळे व्हिडिओच्या वेगाने दाखवायचे. रोप कोणतं यावर विचार करावा लागला नाही. वाटाणा. कारण १९१२ साली मुंबईत एका माणसाने कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर त्यांची वाढ टिपली. त्या माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. हो, तेच ते, दादासाहेब.

शाळेत आपण फाळके एका ओळीत शिकतो: राजा हरिश्चंद्र, १९१३, भारतीय चित्रपटाचे जनक. त्याआधीची बेचाळीस वर्षं त्या ओळीत मावत नाहीत. मला तीच जास्त आवडतात, कारण त्यातले फाळके दर दोन वर्षांनी नोकरी आणि प्रोग्रॅमिंगची भाषा बदलणाऱ्या माझ्या एका मित्रासारखे वाटतात.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल. पुढे बडोद्याचं कलाभवन. तिथे त्यांनी कॅमेरा घेतला आणि फोटोग्राफीबरोबर छपाईचे ब्लॉक बनवणं, डेव्हलपिंग, प्रिंटिंग हे सगळं शिकून घेतलं. मग धंदा करायचा म्हणून गुजरातेत गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेग आला आणि पहिली बायको आणि मूल दोघंही गेली. स्टुडिओ बंद झाला.

बडोद्याला परत येऊन पुन्हा फोटोचा धंदा सुरू केला तर वेगळीच अडचण. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी लोकांची समजूत. हसू नका, माझी आजीसुद्धा झोपलेल्या बाळाचा फोटो काढू देत नसे. गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर फाळके इकडे तिकडे वळत राहिले. जादूचे प्रयोग शिकले आणि स्टेजवर करूनही दाखवले. तिथे नाव घेतलं प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा. आजच्या इन्स्टा हँडलला शोभेल असं नाव आहे.

१९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. कावेरीबाई करंदीकर लग्नानंतर सरस्वतीबाई फाळके झाल्या. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी लागली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडून लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं. छापखाना दादरला आला, रंगीत छपाईची यंत्रं बघायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, धंदा जोरात चालू लागला आणि भागीदारांशी बिनसलं. फाळके बाहेर पडले. वय चाळिशीचं, घरात मुलं, हातात काम नाही.

एप्रिल १९११ मध्ये ते थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावात एका तंबूवजा थेटरात गेले. पडद्यावर प्राणी होते, हलणारे, चालणारे. पोरगं घरी येऊन आईला सांगू लागलं तर कोणी विश्वास ठेवेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या घरालाच घेऊन गेले. ईस्टरचे दिवस असल्याने त्या दिवशी प्राण्यांऐवजी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा लागला होता. तो बघताना आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात घुसला, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला त्यातली आदल्या दिवशीची गोष्ट आवडते. भारतीय सिनेमाच्या मुळाशी घरच्यांना पटत नसलेला एक प्राण्यांचा व्हिडिओ आहे.

मग झपाटल्यासारखं सुरू झालं. रोज चार-पाच तास सिनेमे बघायचे, रात्री जागून प्रयोग करायचे, झोप जवळजवळ नाहीच. त्यात डोळे गेले. खरोखर दिसेनासं झालं. डॉक्टरांचे उपचार आणि तीन-चार वेगवेगळे चष्मे यांच्या आधाराने दृष्टी परत आली. (रात्री दोनपर्यंत फोन बघणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, मीही त्यातलीच.)

दिसायला लागल्यावर या माणसाने विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ ला तो लंडनला निघाला. तिथे ओळखपाळख नव्हती. एका सिनेमा साप्ताहिकाचं ऑफिस गाठून संपादकाशी दोस्ती केली, त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघायला मिळालं. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर, एवढं करून १ एप्रिलला परत. दोन महिन्यांत सगळं. आजचा क्रॅश कोर्ससुद्धा इतका क्रॅश नसतो.

कॅमेरा आला, आता सिनेमासाठी पैसे हवेत. पण ज्यांनी सिनेमा बनताना कधी पाहिला नाही त्यांना पैसे कसे मागणार? आमच्या क्षेत्रात याला उत्तर आहे: डेमो दाखवा. फाळक्यांनी डेमोसाठी राम-कृष्ण घेतले नाहीत. नट नको, कपडे नको, सेट नको असं पात्र निवडलं. वाटाणा. बी रुजतं, कोंब येतो, वेल होते, असा एक मिनिटाच्या थोडा वरचा चित्रपट झाला. नाव ठेवलं ‘अंकुराची वाढ’. तो निवडक लोकांना दाखवला आणि त्यांच्यातल्या यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली.

आता जरा गणित. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की फाळके रोज एक फ्रेम घेत. मी आकडे मांडून बघितले आणि ते जुळेनात. हाताने फिरवायच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांचा नेहमीचा वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेम. महिनाभर रोज एक म्हणजे ३० फ्रेम, म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात, म्हणजे दिवसाला ३२. बारा तासांचा उजेड धरला तर दर वीस-बावीस मिनिटांनी एक. महिनाभर आणि एक मिनिट हे दोन्ही आकडे खरे असतील, तर रोज एक फ्रेम हे खरं असू शकत नाही. महिनाभर कोणीतरी दिवसातून तीसेक वेळा उठून कॅमेऱ्याचा दांडा फिरवत होतं. मध्ये कुंडी सरकवायची नाही, कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, आणि घरात लहान मुलं. शिवाय निकाल बघायला फिल्म धुवेपर्यंत थांबायचं. चूक कळणार ती महिना गेल्यावर.

माझी चूक सहाव्या दिवशी कळली. जुना फोन जिमखाली विटांवर रबराने बांधून ठेवला होता आणि मनीला तीच जागा उन्हाला बसायला आवडली. फोन आडवा, कुंडीऐवजी आभाळाचे अडीचशे फोटो. बाबांचा प्रश्न एवढाच होता, की पावशेर वाटाण्यासाठी एवढा खटाटोप काहून करून राहिली. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनीच एक लोखंडी पट्टी भिंतीला ठोकून त्यावर फोन बसवून दिला.

तुम्हाला करून बघायचं असेल तर फोनमधला तयार टाइमलॅप्स मोड तासा-दोन तासांच्या ढगांना ठीक आहे, महिनाभराच्या रोपाला नाही. ठरावीक मिनिटांनी फोटो घेणारं इंटरव्हल कॅमेऱ्याचं ॲप घ्या आणि फोन चार्जरला लावूनच ठेवा. मी दर १० मिनिटांनी, दिवसाचे बारा तास, असं ठेवलं. दिवसाला ७२ फोटो, महिन्याला २१६०. एक फोटो ४ एमबीचा धरला तर साडेआठ जीबीच्या आसपास जागा. सेकंदाला ३० फ्रेमने व्हिडिओ होतो ७२ सेकंदांचा, जवळपास फाळक्यांच्याएवढाच. दहाच मिनिटं का, तर वाटाण्याचं वरचं टोक आधार शोधत हवेत गोल फिरत असतं आणि एक फेरी साधारण तास-दोन तासांत होते. रोज एक फोटो घेतलात तर हे फिरणं दिसणारच नाही, रोप नुसतं उड्या मारल्यासारखं दिसेल. आणि फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स लॉक करा. ऑटोवर ठेवलं की ढग आला-गेला तसा फोन आपल्या मनाने उजेड बदलतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. शेरूच्या बाबतीतही ऑटो असंच फसतं. काळं दिसलं की फोन उजेड वाढवतो आणि कुत्रा राखाडी होतो. बोट लावून एक्स्पोजर थोडं खाली ओढा, आणि उभं राहून नाही, जमिनीवर बसून फोटो काढा.

सावलीतल्या झाडासाठी एक युक्ती आहे ती सरस्वतीबाईंची म्हणायला हरकत नाही. राजा हरिश्चंद्रच्या शूटिंगला त्या पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत, उजेड नटांवर पडावा म्हणून. मी आईची जुनी पांढरी चादर कढीपत्त्याच्या बाजूला धरली आणि पानांच्या खालची बाजूसुद्धा दिसली. त्यांचं काम एवढ्यावर संपत नव्हतं. कच्च्या फिल्मला भोकं नसत, ती अंधाऱ्या खोलीत यंत्राने पाडायची, वाकडी गेली तर फिल्म वाया. ते त्या करत. फिल्म धुणं शिकल्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच करत. आणि पैसे कमी पडले तेव्हा दागिने त्यांचेच गेले. आपण जनक म्हणतो तेव्हा ही बाजू फारशी कोणी काढत नाही, याचा मला राग येतो.

पुढचं माहितीचं आहे. ३,७०० फुटांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि चालला. रोहिताश्व झाला होता भालचंद्र, तोच प्राणी बघून आलेला. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. १९१७ चा लंकादहन तुफान चालला. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि पुन्हा भागीदारांशी खटके, पुन्हा बाहेर, काही काळ काशी, पुन्हा परत. पण एकेक फ्रेम घेण्याची वाटाण्याची युक्ती त्यांनी सोडली नाही. आगकाड्या सरकवत सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केली. तुम्ही रील्सवर बघता ते स्टॉप मोशन, तेच हे. फरक एवढाच की वाटाणा आपणहून हलतो आणि काडी हलवावी लागते.

बोलपट आले आणि फाळक्यांचा काळ मागे पडला. १९३७ चा कोल्हापूरचा गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट आणि एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

माझा व्हिडिओ शेवटी ५१ सेकंदांचा झाला, मनीने खाल्लेले दिवस वजा जाता. वेल काठीला धरते ती जागा मी किती वेळा बघितली त्याला मोजमाप नाही. आणि एक गोष्ट ठरवून केलेली नव्हती. मध्येच एखाद्या फ्रेमला बाबा दिसतात, पांढरी बनियन, हातात पाण्याचा डबा. सेकंदाचा तिसावा भाग, की गायब. थांबवून थांबवून मोजले, एकूण चौदा वेळा.

शेंगा लागल्या तेव्हा मी पुण्यात होते. आईने ते वाटाणे पोह्यांत घातले आणि ताटाचा फोटो पाठवला. हललेला आहे, कोपऱ्यात तिचा अंगठा आलाय, आणि टेबलाखालून शेरूचं नाक.