अमर शेख

अमर शेख (२० ऑक्टोबर १९१६ – २९ ऑगस्ट १९६९) हे मराठी शाहीर, गायक व कवी होते. लाल बावटा कलापथकाचे प्रमुख गायक म्हणून ते प्रसिद्धीस आले व पुढे त्यातून बाहेर पडून त्यांनी स्वतःच्या नावाचे कलापथक उभे केले.

सुरुवातीचे जीवन

त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे गरीब कुटुंबात झाला. आई मुनेरबी यांच्याकडून त्यांना लोकगीतांचा वारसा मिळाला. गाण्याचे त्यांचे पहिले शिक्षण तेच होय. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार अशी कामे त्यांनी केली. बार्शीच्या गिरणी संपात भाग घेतल्याने त्यांना विसापूरच्या तुरुंगात जावे लागले व तेथून ते कम्युनिस्ट चळवळीकडे वळले. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करत असताना मित्रांनी त्यांना ‘अमर शेख’ हे नाव दिले आणि तेच कायम झाले.

लाल बावटा कलापथक

१९४४ च्या सुमारास अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर व अमर शेख यांनी मुंबईत हे पथक स्थापन केले. नाव चळवळीच्या झेंड्यावरून घेतलेले होते. ठाणे जिल्ह्यातील डहाणू व तत्कालीन उंबरगाव तालुक्यांत (आजच्या तलासरी तालुक्याची गावे तेव्हा उंबरगावात मोडत) १९४५ पासून गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, तोही याच लाल बावट्याखाली. पथकाने तमाशाचा साचा घेतला, पण त्यातील गण-गौळणीची जागा श्रमिकांच्या वंदनेला व राजकीय वगाला दिली. अण्णाभाऊ व गव्हाणकर लिहीत असले, तरी मैदानातील शेवटच्या माणसापर्यंत ते शब्द पोहोचविण्याचे काम प्रामुख्याने अमर शेखांच्या पहाडी आवाजाचे होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली.

स्वतंत्र वाटचाल

पथकातून वेगळे झाल्यावर अमर शेखांनी ‘अमर शेख कलापथक’ काढले. आतापर्यंत प्रामुख्याने गायक म्हणून ओळखले जाणारे शेख आता संघटक झाले, आणि कवी म्हणूनही त्यांची ओळख ठळक होत गेली. अमरगीत हा गीतसंग्रह व पहिला बळी हे नाटक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर कलश (१९५८) व धरतीमाता (१९६३) हे कवितासंग्रह आले. त्यांच्या कवितेचा मोठा भाग गाण्यासाठी रचलेला आहे. छापील पानावर तो काहीसा ओसरल्यासारखा वाटतो, हे मान्य करावे लागते. तरीही आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्कीशी केली होती. प्रपंच (१९६१) या चित्रपटातही त्यांनी भूमिका केली.

वाटा वेगळ्या झाल्या तरी सहकाऱ्यांशी नाते तुटले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तिन्ही शाहीर त्याच मागणीसाठी उभे राहिले, आणि अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात गाजली. या लावणीतील मैना म्हणजे मुंबईच्या मजुराची गावी राहिलेली पत्नी. तिच्या विरहातून राज्याबाहेर राहू पाहणाऱ्या बेळगाव-कारवारचे दुःख व्यक्त होते. १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा हा सीमाभाग बाहेरच राहिला. उत्तरेस उंबरगावचा बराचसा भाग गुजरातेत गेला, तर तलासरीकडील गावे महाराष्ट्रात आली. गोवामुक्तीच्या आंदोलनात तसेच १९६२ व १९६५ च्या युद्धांच्या वेळी संरक्षण निधीसाठीही त्यांनी कार्यक्रम केले.

निधन

१९६९ च्या पावसाळ्यात मराठी जनचळवळीचे तीन मोठे आवाज अडीच महिन्यांत गेले. १३ जूनला अत्रे, १८ जुलैला अण्णाभाऊ, आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.